दमसास : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

जून आला की माझ्या टपालात दोन तऱ्हेची पत्रं वाढतात. मुलांना कराटे-ज्युदोच्या कुठल्या क्लासला घालू म्हणून विचारणाऱ्या आयांची, आणि जत्रांचा हंगाम संपवून घरी बसलेल्या पैलवानांची. या वेळी हिंजवडीच्या एका मुलाने मध्येच ठिणगी टाकलीय, तेव्हा आधी त्याचं बघू.

बाई, ऑफिसखालच्या टपरीवर आमचा रोज वाद होतो. मी सहा महिने ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतोय, म्हणजे जमिनीवर घेऊन हाता-गळ्याला कुलूप घालायची झटापट. सांगलीचा मित्र म्हणतो, आमच्या तालमीतला पोरगा तुझ्या सरांना उचलून आपटेल. तिसरा बॉक्सिंग करतो, तो म्हणतो मी दोघांनाही जवळ येऊ देणार नाही. चौथा लहानपणी कराटे शिकलाय, त्याची सगळे टिंगल करतात. खरी मारामारी झाली तर कोण जिंकेल? एकदाचं सांगून टाका.
— वय 27, हिंजवडी

एकदाचं सांगते, पण अंगात सदरा कोणाच्या आहे ते आधी कळव.

थट्टा नाही करत. माझे वडील, तात्या, खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरपासून तीन कोसांवरच्या गावचे. तालमीत वाढलेले, दोन्ही कान मोडलेले, पन्नाशीतही रोज दोनशे जोर काढणारे. तालमीत मुलींनी पाय ठेवायची सोय नव्हती, म्हणून पुण्याला कॉलेजात आल्यावर मी ज्युदो धरला. 1984 च्या दिवाळीत तपकिरी पट्टा मिरवत घरी गेले, तर तात्या म्हणाले, "बघू तरी तुझं जपान."

अंगण नुकतं सारवलेलं. आई दारातून ओरडतेय, "अहो, लग्नाची पोर आहे, हात मोडाल तिचा." तात्या उघडेबंब, धोतराचा काचा मारलेला. मी ज्युदोचा जाड गी, म्हणजे सरावाचा सदरा, घालून ऐटीत. पुढे झाले, हात घातला, आणि धरायला काहीच नाही! ज्युदोवाल्याची सगळी भिस्त समोरच्याच्या कॉलरवर आणि बाहीवर. इथे नुसतं निसरडं अंग. तात्यांना मात्र माझ्या पट्ट्याची आयतीच मूठ मिळाली. त्यांनी खाली वाकून एकेरी पट काढला, म्हणजे माझा एक पाय धरून ओढला, आणि मी तुळशीवृंदावनाशेजारी उताणी. "चितपट. चला जेवायला."

मी म्हटलं, तात्या, सदरा घालून या. खुंटीवरचा खाकी शर्ट घालून ते पुन्हा आले, पुन्हा पटात घुसले. या वेळी मी पाय मागे टाकून सगळं वजन त्यांच्या पाठीवर सोडलं. ते सवयीने पोटावर पसरले. कुस्तीत पोटावर गेलेला माणूस निर्धास्त असतो, पाठ मातीला लागेपर्यंत तो हरलेला नसतो. मी पाठीवर बसले, त्यांचीच कॉलर त्यांच्या गळ्याभोवती घेतली आणि ओढली. चार-पाच सेकंद गेले असतील. ज्युदोत अशा वेळी समोरच्याला थोपटून 'सोड' म्हणायचं असतं, ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. घशातून घरघर आली तशी घाबरून मीच सोडलं. ते उठून बसले, शर्टाचं तुटलेलं बटण जमिनीवर शोधत राहिले, आणि मग म्हणाले, "हे कुस्तीत चालत नाही."

बरोबरच होतं त्यांचं. आणि पुढची गंमत बघ. तात्यांनी मला ज्याने पाडलं, तो पायाला धरणारा पट तेव्हा ज्युदोत चालायचा. 2010 साली त्यावर बंधनं आली, आणि 2013 पासून आंतरराष्ट्रीय ज्युदोत उभ्याने पायाला हात लावला की शिक्षा. खांद्यावर उचलून टाकायचा आपला कलाजंग ज्युदोत 'काता गुरुमा' नावाने नांदत होता, त्यालाही पाय धरायची बंदी आली. म्हणजे हल्ली ज्युदो शिकलेली मुलगी माझ्या जागी असती, तर पट अडवायची सवयच तिला नसती.

तुमच्या टपरीवरचा वाद जगाने मोठ्या खर्चाने करून बघितलेला आहे. 26 जून 1976 ला टोकियोत मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अंतोनिओ इनोकी समोरासमोर आले. नियमांनी इनोकीचे हात इतके बांधले होते की त्याने जवळजवळ सगळ्या लढतीत जमिनीवर बसून-लोळून अलीच्या पायांवर लाथा मारल्या. पंधरा फेऱ्या झाल्या, अलीचे ठोसे बोटांवर मोजण्याइतके, निकाल बरोबरीचा, आणि अली सुजलेले पाय घेऊन गेला. त्याच वर्षी डिसेंबरात कराचीत याच इनोकीने गामा पैलवानाच्या पुतण्याला, अक्रमला, हात पिरगाळून जायबंदी केलं. अक्रम अस्सल पैलवान घराण्यातला. पण हाताला असा कुलूप घालणारा गडी त्याच्या रोजच्या मेहनतीत नव्हता.

मग 12 नोव्हेंबर 1993, अमेरिकेत डेन्व्हर. यूएफसी या सगळ्या शैलींच्या मिश्र लढतींची पहिली स्पर्धा, वजनगट नाहीत, नियम नावाला. तुझ्या जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन लढती मिळून पाच मिनिटांच्या आत उरकल्या. वजन साधारण ऐंशी किलो, तिथल्या मानाने किरकोळच. समोर आलेला बॉक्सर एका हातात ग्लोव्ह घालून आला होता, एक हात मोकळा! त्याला खाली घेतल्यावर काय करायचं तेच सुचेना, त्याने हार मानली. तुझा बॉक्सर मित्र म्हणतो ना, जवळ येऊ देणार नाही, त्याला हे सांग. मात्र तूही फार फुगू नकोस. पुढच्या काही वर्षांत पैलवानांनी ते कुलूप सोडवायला शिकून घेतलं आणि जिउ-जित्सूवाल्यांना वरून दाबून हाणलं. आता तिथे प्रत्येकाला सगळंच थोडं थोडं शिकावं लागतं.

तेव्हा मी शैलीचं नाव विचारत नाही. मी विचारते, रोजच्या सरावात समोरचा माणूस तुला खरंच अडवतो का? तालमीत आपण खडाखडी करतो, ज्युदोत रांदोरी, बॉक्सिंगमध्ये स्पारिंग, तुझ्या क्लासात रोलिंग. सगळं एकच: समोर जिवंत, चिवट, ऐन वेळी भलतंच करणारा माणूस. जिगोरो कानोंनी 1882 साली ज्युदो उभा केला तेव्हा नवे डाव फार काढले नाहीत. जुन्या जपानी जुजुत्सूतले डोळे फोडायचे, बोटं मोडायचे प्रकार त्यांनी सरावातून बाजूला ठेवले. त्यामुळे उरलेले डाव पोरांना पूर्ण ताकदीने एकमेकांवर रोज टाकता आले. 'आमचे डाव इतके जीवघेणे की सरावात वापरता येत नाहीत' असं सांगणारा मास्तर भेटला की फी न भरता परत ये.

आणि त्या कराटेवाल्याची टिंगल थांबवा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, 7 ऑगस्ट 2021 ला, कराटेची सर्वांत वरच्या वजनगटाची फायनल होती. सौदीचा खेळाडू 4-1 ने पुढे. त्याने एक लाथ अशी बसवली की इराणचा गंजझादेह जागीच बेशुद्ध, स्ट्रेचरवरून बाहेर. सुवर्णपदक कुणाला? स्ट्रेचरवरच्याला! प्रमाणाबाहेर जोरात मारलं म्हणून सौदीचा बाद. खेळाचा नियम म्हणून मला तो मान्य आहे, कारण कराटेत लाथ जागेवर रोखण्याला किंमत आहे. पण त्या लाथेत दम नव्हता असं कोण म्हणेल?

माझे पैसे लावायला सांगशील तर सांगलीच्या पैलवानावर लावीन. कुस्ती श्रेष्ठ म्हणून नाही. तो सातव्या वर्षापासून रोज कुणाच्या तरी खाली दबला गेलाय आणि तू सहा महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी. आणि वजनं कळवायला सगळे विसरलात. तू साठ आणि तो नव्वद असेल तर पत्राचं तिकीटही फुकट गेलं.

मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षं कराटेला जाते. दर तीन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेची वेगळी फी, आता तपकिरी पट्टा आहे. मागच्या आठवड्यात शाळेच्या बसमध्ये एका मुलाने वेणी ओढून ढकललं तर ती नुसती उभी राहिली. घरी येऊन रडली. क्लास बोगस आहे का? ज्युदोला घालू का?
— एक आई, नाशिक

आधी बसचं. मुलगी थिजली यात क्लासचा दोष असेलच असं नाही. मोठी माणसंही थिजतात, मीही थिजलेय, ते पुढे येईलच. शाळेला आणि बसमधल्या मावशींना आजच सांगा, ते काम नऊ वर्षांच्या मुलीचं नाही. आणि घरी एक खेळ सुरू करा. बाबांनी हळूच वेणी धरायची. तिने दोन्ही हातांनी बाबांचा हात स्वतःच्या डोक्यावरच दाबून धरायचा, म्हणजे केस ओढले जाणं थांबतं, मग गर्रकन त्यांच्याकडे तोंड करून पोटातून ओरडायचं, "हात काढ!" पहिल्या पाच वेळा ती हसेल. हसू द्या. विसाव्या वेळी आवाज निघेल. बहुतेक मुलींना लाथ येते, आवाज येत नाही. आपणच तो लहानपणापासून दाबलेला असतो.

आता पट्ट्याचं. काळा पट्टा कानोंच्या ज्युदोतला. कराटेच्या गिचिन फुनाकोशींनी ती पद्धत तिथूनच उचलली आणि 1924 साली आपल्या शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले. मधले पिवळे-नारिंगी-हिरवे रंग युरोपातल्या ज्युदोत रुळले, 1930 च्या दशकात, म्हणजे शिकणाऱ्याला आपण पुढे सरकतोय असं वाटावं. हेतू चांगलाच होता. आपल्याकडे त्याचा तिमाही हप्ता झाला. दोन वर्षांत नऊ वर्षांच्या मुलीला तपकिरी पट्टा म्हणजे मला तरी जरा घाईच वाटते.

बोगस आहे का ते पत्रावरून मी कशी सांगू? तुम्हीच बघा. न सांगता जा, कडेला तासभर बसा, आणि घड्याळ लावून एवढंच मोजा: त्या तासात तुमच्या मुलीचा दुसऱ्या मुलाशी किती मिनिटं स्पर्श होतो? ओळीत उभं राहून हवेत ठोसे मारणं, काता म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करणं, हे सगळं अंगाला चांगलं, तोल आणि शिस्त येते. पण तासाच्या शेवटी आकडा शून्य असेल तर ती कवायत आहे. मी तीस वर्षं शाळेत कवायत घेतली, मला तिचा राग नाही, फक्त तिला कवायत म्हणा. आकडा दहा-पंधरा असेल, डोक्याला मार लागू नये म्हणून सर आरडाओरडा करत असतील, लहान पोर मोठ्याच्या अंगावर सोडत नसतील, तर कुठेही हलवू नका. पालकांना आत बसायला बंदी असेल तर मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद.

ज्युदोला घातलंत तर पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात होईल, हे तिला आधी सांगून ठेवा. तपकिरी पट्टा कपाटात राहू दे, तिने तो घाम गाळूनच मिळवलाय.

मर्दानी खेळांचा प्रत्यक्ष मारामारीत आज काही उपयोग आहे का?
— कोल्हापूर

दांडपट्टा घेऊन मंडईत जाणार असाल तर आहे! गंमत सोडा. मिरवणुकीत हलगीवर जे फिरवतात ते बघायला देखणं, पण तिथे समोर कोणी नसतं. तुमच्या वस्तादांना फरी-गदका विचारा. एका हातात ढाल, दुसऱ्यात काठी आणि समोर तसाच गडी. ते खेळवत असतील तर रोज जा, पायाची चाल आणि डोळा यांना तोड नाही. लाठी तर आजही गावात सगळ्यात कामाची.

बाई, मी मातीतला पैलवान. रोज हजार बैठका, पाचशे जोर. जत्रेत अर्धा तास कुस्ती चालली तरी दम लागत नाही. पण गादीवर गेलो की दुसऱ्या मिनिटाला छाती फुटते, पॉइंटवर हरतो. वस्ताद म्हणतात बैठका वाढव. जिल्ह्याला 74 किलोत उतरायचंय, सध्या 80 भरतोय.
— वय 19, माळशिरस

बाळा, वस्तादांचा मान ठेवून सांगते, बैठका वाढवू नकोस.

तुझा दम खोटा नाही, तो वेगळ्या कामाचा आहे. मातीत कुस्ती निकाली व्हायची, मग वेळ कितीही जाओ. 1910 साली लंडनमध्ये गामा आणि झिबिस्को अडीच तासांच्या वर झटत राहिले. तिथे दम धरून बसणारा, समोरच्याला हळूहळू जिरवणारा जिंकतो. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. दहा गुणांची आघाडी झाली की पंच शिट्टी मारून खेळ संपवतो. नुसतं थोपवून धरलंस तर उलट तुझ्यावरच गुण. म्हणजे वीस सेकंद जीव तोडून झटायचं, दहा सेकंद श्वास घ्यायचा, पुन्हा वीस सेकंद. ही धग तुझ्या बैठकांत कधी लागतच नाही, कारण हजार बैठका म्हणजे एका लयीत चाललेली वारी.

हे आजचं दुखणं नाही. खाशाबा 1948 ला लंडनच्या ऑलिम्पिकला गेले तेव्हा गादी त्यांना नवीच होती, तरी सहावे आले. मग चार वर्षं तिच्यावर घासले आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्य. तुला चार वर्षं नको, चार महिने दे.

बैठका तीनशेवर आण. वाचलेल्या वेळात, आठवड्यातून तीन दिवस, असं कर: तालमीतले तीन गडी घे, तुझ्याच वजनाचे, ताजेतवाने. घड्याळ भिंतीला. पहिला मिनिटभर तुझ्या अंगावर, पूर्ण ताकदीने, मग तो बाजूला आणि दुसरा, मग तिसरा. तीन मिनिटं झाली की तीस सेकंद थांब आणि पुन्हा तिघे. ते दर मिनिटाला ताजे, तू एकटा दमलेला. पहिल्या आठवड्यात ओकशील. ओकलास की त्या दिवशी बस, हट्ट करू नकोस. उरलेल्या दिवशी दोर चढ आणि शेताच्या चढावर दहा-दहा सेकंद पळ, उतरताना चालत ये.

वजनाचं जास्त काळजीचं आहे. सहा किलो दोन महिन्यांत उतरवायचे असतील तर कर, रात्रीची भाकरी आणि थंडाईतली साखर आधी कमी कर, बदाम राहू देत. पण शेवटच्या चार दिवसांत पाणी तोडून, उन्हात जर्किन घालून पळून उतरवायचं ठरवलं असशील तर वरच्या वजनगटातच लढ. पॅरिसला विनेश फोगाट रात्रभर घाम गाळूनही सकाळी शंभर ग्रॅमने जास्त भरली आणि फायनल हुकली. तिच्यामागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, सगळी फौज होती. तुझ्यामागे कोण आहे? मूत्रपिंडं दोनच असतात.

अजून एक, तू विचारलं नाहीस तरी. तुमच्या बाजूला तालमींच्या आसपास दम वाढवायचं म्हणून इंजेक्शन विकणारे फिरतात. त्यातलं एक औषध ऑपरेशनच्या वेळी पडलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर वापरतात. धडधाकट पोराने ते घेतलं की काळीज फाटेपर्यंत पळतं. देणारा ओळखीचाच असतो, म्हणून सांगितलं.

मी 24 वर्षांची नर्स. रात्रपाळी संपवून पहाटे स्कूटीवरून घरी येते. आमच्याकडे दोन तासांची स्वसंरक्षण कार्यशाळा झाली. बोटांत किल्ली धरून मारायचं, डोळ्यांत बोटं घालायची, असे बारा प्रकार दाखवले. आता एकही आठवत नाही. नक्की एकच कुठला प्रकार पक्का करू?
— लातूर

आठवत नाहीत ते बरंच झालं. किल्ली बोटांत धरून एकदा उशीवर जोरात मारून बघ, पहिली कळ तुझ्याच तळहातात येईल. ग्लोव्ह न घालता नुसत्या मुठीने हाणणंही वाटतं तितकं सोपं नाही. माइक टायसनने 1988 साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका बॉक्सरला मारलं तर स्वतःचाच हात मोडून घेतला, आणि तो टायसन होता. मारायची वेळ आलीच तर तळहाताच्या टाचेने किंवा कोपराने मार.

पण आधी माझी फजिती ऐक. आठ वर्षांपूर्वी, पुण्यात, सकाळी सहाला दुधाची पिशवी घेऊन चालले होते. मागून मोटारसायकल, गळ्याला हिसका. काळा पट्टा, पस्तीस वर्षांचा ज्युदो, शेकड्यांनी पोरी तयार केलेल्या, आणि मी काय केलं? काही नाही. मंगळसूत्र तुटलं, मी मागे खेचले गेले आणि पडले. फेकायला, धरायला माणूस हाताशी नव्हताच, तो कोपऱ्यावर वळत होता. एकच गोष्ट आपोआप झाली. हनुवटी छातीला चिकटली, पाठीची कमान झाली, डोकं रस्त्याला लागलं नाही. डावा हात मॅटवर आपटतात तसा डांबरावर आपटला आणि तळव्याची साल निघाली. ती चूकच, रस्त्यावर हात आपटायचा नसतो, नुसतं गोल व्हायचं असतं. चौकीत हवालदाराने नाव-व्यवसाय लिहून घेतला, 'ज्युदो प्रशिक्षक' लिहिताना थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मग एखादा डाव टाकायचा नाही का?"

त्याला वाटलं तसंच तुझ्या कार्यशाळेवाल्यांना वाटतं. माझ्या अंगात मुरलेलं होतं तेवढंच त्या क्षणी बाहेर आलं. दोन तासांत काही मुरत नाही. म्हणून एक प्रकार मागतेस तर प्रकार नको, तीन सवयी घे. पहाटे ओढणी गाडीच्या चाकापासून आणि गळ्यापासून दूर बांध, तिचा फास होतो. मागे कुणी लागलंय वाटलं तर घरी जाऊ नकोस, तुझ्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत परत जा, तिथे दिवा आणि माणसं असतात, आणि 112 लाव. आणि कुणी अंगावर आलंच तर आवाज. आवाजाचा सराव वर नाशिकच्या आईंना सांगितलाय, तोच तुला.

त्यापुढे खरंच काही शिकायचं असेल तर वर्षभर ज्युदो किंवा कुस्ती. माझं मत ठोसे-लाथांपेक्षा धरपकडीकडे झुकतं, कारण बाईवर हात टाकणारा बहुधा धरतो, ओढतो, दाबतो. आणि पुष्कळदा तो ओळखीचा असतो, बंद खोलीत असतो, जिथे पळायला वाट नसते. तुझ्यापेक्षा वीस किलोंनी जड मुलगी छातीवर बसली असताना श्वास कसा घ्यायचा आणि कंबर उचलून बाजूला कसं सरकायचं, हे वर्षभर रोज केलं तरच त्या खोलीत आठवेल.

कायदा तुझ्या बाजूने आहे, एवढं माहीत असू दे. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बचावाच्या हक्काची. मर्यादा एवढीच की बचावाला लागेल तितकंच. तो पळायला लागल्यावर मागे जाऊन हाड मोडलंस तर ती गंभीर दुखापत धरतात आणि तूच आरोपी. पळतोय ना, पळू दे, गाडीचा नंबर बघ.

मी 61 वर्षांचा, बँकेतून निवृत्त. गुडघे कुरकुरतात. नातू ज्युदोला जातो ते पाहून मलाही शिकावंसं वाटतं. सौ. हसतात. या वयात काय शिकता येईल?
— डोंबिवली

पडायला. हवालदाराची गोष्ट वाचलीतच. उतारवयात माणूस मारामारीत जात नाही, बाथरूमच्या फरशीवर घसरून खुब्याचं हाड मोडून जातो. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या पुढच्या लोकांना मी पहिले तीन महिने दुसरं काही शिकवत नाही. आधी डॉक्टरांना रक्तदाब आणि हाडांची घनता दाखवून या, चक्कर येते म्हणून औषधं चालू असतील तर तेही सांगा.

घरातली कापसाची गादी जमिनीवर टाका, तिच्यावर आणखी एक. उभ्याने नको, गुडघ्यांना त्रास. गादीवर मांडी मोकळी करून बसा, हात छातीवर घडी. हनुवटी गळ्याला टेकवा आणि ती सुटू नये म्हणून दातांत रुमालाचं टोक धरा, दुसरं टोक बनियनमध्ये खोचा. आता सावकाश मागे लोळा, पाळण्यासारखं, आणि परत या. डोक्याचा मागचा भाग गादीला लागता कामा नये. दिवसाला दहा वेळा, एवढंच. आठ दिवसांनी हात सैल सोडून बाजूला, मग डाव्या-उजव्या कुशीवर. सौ. हसत असतील तर त्यांनाच शेजारी बसवा, गादी दोघांना पुरते.

पंधरा दिवसांनी पत्र टाका. मान दुखत असेल तर समजा रुमाल सुटतोय.